ड्युटीवरच्या माणसाशी बोलायचं नाही

माझे भाऊजी गाडी चालवताना बोलत नाहीत. कमी बोलतात असं मी म्हणत नाहीये, बोलतच नाहीत. बोरीवली ते काठमांडू आणि परत, एवढा प्रवास मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून केला, पण चाक फिरत असताना त्यांच्या तोंडून मला एक अक्षर ऐकायला मिळालं नाही. इंदूरच्या अलीकडे माझ्या पँटमध्ये काहीतरी वळवळलं. विंचूच, अशी माझी खात्री झाली आणि मी बोंब ठोकली. भाऊजींनी आरशात मागे पाहिलं, हात दाखवला, गाडी डाव्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग विचारलं, "काय रे दत्ता, काय झाला?" तोवर ते झुरळ माझ्या पायावरून उतरून खिडकीतून निघूनही गेलं होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वासुदेव परब. सगळी उमर शहराच्या बसवर ड्रायव्हर. त्यांच्या डोक्यावर कायम एक पाटी असे, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये'. सगळं जग ती पाटी प्रवाशांसाठी आहे असं समजतं. ती आपल्यासाठीही आहे असं समजणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. निवृत्त झाले तरी अंगातली बस काही उतरली नाही. सोसायटीचा जिनाही ते डावीकडून चढतात. दोन घंटा झाल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. आपल्या घरच्या गाडीतसुद्धा त्यांनी दोरी बांधून वर पितळी घंटी लावली होती. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं.

आणि ते घासाघीस करत नाहीत. इथेच माझं त्यांच्याशी वाकडं आहे.

मी जुन्या गाड्यांचा आणि स्पेअर पार्टांचा धंदा करतो. चौदाव्या वर्षी गावाहून आलो तो एका गॅरेजच्या बाकड्याखाली झोपलो, आणि आज बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला माझं स्वतःचं दुकान आहे. हे सगळं मी भाव पाडून आणि भाव चढवून केलंय. समोरचा माणूस 'देतो' म्हणाला की मला त्याचा संशय येतो. भाऊजी निवृत्त झाल्यावर माझ्याकडे एक जुनी मेटॅडोर घ्यायला आले. मी भाव सांगितला. बहिणीचा नवरा, तेव्हा तो ओढून ताणून कमी करणार, म्हणून मी आधीच चढवून सांगितला होता. भाऊजींनी पिशवीतून पैसे काढले आणि टेबलावर ठेवले.

"अहो भाऊजी, काहीतरी कमी करा तरी म्हणा!"

"तू सांगितलंस मां? तिकीट म्हणजे तिकीट."

गेले गाडी घेऊन. मी आठ दिवस नीट जेवलो नाही. पुढे ताईला भाव कळला तेव्हा ती मला म्हणाली, "दत्तू, घरच्या माणसालापण लुबाडलंस?" आता सांगा, यात माझी काय चूक?

त्या मेटॅडोरचं त्यांनी घर केलं. आत स्टोव्ह, पाण्याचं पिंप, ताईच्या जुन्या पातळांचे पडदे आणि तीन बाकं, झोपता येईल अशी. सोसायटीतले लोक हसायचे. कुणी म्हणे म्हातारा चारधामला निघालाय, कुणी म्हणे सर्कशीत. पण तिसरं बाक कशासाठी ते आम्हाला घरच्यांना ठाऊक होतं. ते प्रकाशसाठी होतं.

प्रकाश हा ताई-भाऊजींचा एकुलता मुलगा. माझ्या दुकानात दोन वर्षं होता. हुशार, पण गिऱ्हाईक गयावया करायला लागलं की विरघळायचा. एकदा त्याने एक गिअरबॉक्स खरेदीच्या भावात देऊन टाकला. म्हणे, त्या माणसाच्या मुलीचं लग्न आहे. माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्या एक कानाखाली ठेवून दिली. एकच. आठवड्याच्या आत प्रकाश घरातून नाहीसा झाला. दीड वर्षाने काठमांडूहून पोस्टकार्ड आलं: 'मोठ्या हॉटेलातल्या कॅसिनोत पत्ते वाटायच्या कामाला आहे. बरा आहे. कोणी येऊ नका.'

भाऊजी मला या बाबतीत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझी गचांडी धरली असती तर मीही चार शब्द बोललो असतो आणि विषय संपला असता. पण नाही. घरी गेलो की "ये दत्ता, बस," म्हणायचे आणि चहा पुढे करायचे. त्या चहाचा मला इतका राग यायचा!

मग एक दिवस भाऊजींनी गाडी घेऊन काठमांडूला जायचं काढलं. "ट्रेनने जाऊ या की," मी म्हटलं.

"रात्रपाळी आसा तेची," भाऊजी म्हणाले. "दमलेलो आसतलो. झोपान येऊ दे."

ताईला आम्ही सोबत चल म्हणालो. ती तयार झाली नाही. "मी आले आणि तो नाही आला, तर मी तिथून हलायची नाही," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दत्तू, तू जा. तुला बोलता येतं. ह्यांना येत नाही. त्याला घेऊन ये."

गणपती उरकले आणि आम्ही निघालो.

वाटेत भाऊजींनी बस चालवली. म्हणजे मेटॅडोर, पण रस्त्याकडेला बोचकं घेऊन कुणी उभं दिसलं की गाडी थांबायची. एक म्हातारी दोन कोंबड्या घेऊन कानपूरच्या पुढे चढली आणि तीस मैल प्रकाशच्या बाकावर बसून आली. सरहद्दीवर गाडीच्या परवान्याचे पैसे भरायचे होते. मी कारकुनाशी घासाघीस सुरू केली. दोन तास मी त्याला नरम करत आणला, आणि दोन तासांनी त्याने आम्हाला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. भाऊजींनी बोर्डावर लिहिलेली रक्कम भरली. पाच मिनिटांत आम्ही नेपाळात.

वाटभर मी मनात सौदा जुळवत होतो. प्रकाशला आधी दुकानात चार आण्याची भागी द्यायची. तोंड वाकडं केलं तर आठ आणे. वर दहिसरला भाड्याची खोली. एवढ्यावर कोण नाही म्हणेल?

संध्याकाळी काठमांडूत पोचलो. भाऊजींनी आंघोळ केली, निवृत्तीच्या दिवशी शिवलेला सफारी घातला. हॉटेलच्या दारात त्यांनी माझा दंड धरला. "मी सांगितल्याशिवाय तोंड उघडू नको."

आत गारठा, पायाखाली गालिचा, डोक्यावर झुंबरं आणि मारवाड्यांपासून मद्राशांपर्यंत सगळा हिंदुस्तान जुगाराला बसलेला. भाऊजी चारी भिंतींवर काहीतरी शोधत होते. "घड्याळच नाय रे," ते हळूच म्हणाले. "माणसांची पाळी सुटता कशी?"

प्रकाश एका अर्धगोल टेबलामागे उभा होता. काळं जाकीट, गळ्यात बो. वाळला होता. पत्ते मात्र असे सुटत होते की बघत राहावं. त्याने वर पाहिलं. एक पत्ता हातात तसाच राहिला. त्याच्यामागे सुटाबुटातला एक साहेब हात मागे बांधून उभा होता. प्रकाशने पत्ता टाकला आणि म्हणाला, "बैठिए सर."

बापाला सर!

मी तोंड उघडणार तोच भाऊजींचा हात माझ्या मनगटावर आला. "गप रव. तो ड्युटीर आसा."

आणि ते बसले. या माणसाने आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. सगळ्यात लहान डाव लावायचे, पत्त्यांकडे बघायचेही नाहीत. मुलाच्या हातांकडे बघायचे. हरले की प्रकाश त्यांनी पैशांऐवजी लावलेल्या चकत्या ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "सॉरी सर." अर्ध्या तासाने टेबलावरचा माणूस बदलतो. प्रकाश दुसऱ्या टेबलाकडे गेला, तसे भाऊजीही उठून त्याच्या मागोमाग तिथे जाऊन बसले. मग तिसऱ्या. मी मागे उभा राहून तापत होतो. एवढे मैल तुडवून बापलेक हाताच्या अंतरावर, आणि एकमेकांना 'सर' शिवाय शब्द नाही!

शेवटी भाऊजी उठले आणि त्या सुटातल्या साहेबाला मोठ्याने म्हणाले, "साब, हमारा गाडी पीछे के गेट पे लगाया है. सुबे तक रहेगा तो चलेगा ना?"

साहेबाला काही कळेना. "चलेगा," तो म्हणाला. प्रकाश मान खाली घालून पत्ते पिसत होता.

पहाटे चार वाजता गाडीच्या दारावर टकटक झाली. प्रकाश साध्या स्वेटरमध्ये होता. वाकून बापाच्या पाया पडला, मग माझ्या. भाऊजींनी त्याला तिसऱ्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "किती तास उभो ऱ्हवतस?"

"आठ."

"पाय सुजतत काय रे?"

"सुजतात."

भाऊजींनी स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि बादली त्याच्यापुढे ठेवली. प्रकाशने पाय आत सोडले आणि डोळे मिटले. मग दोघं बोलत बसले. काय, तर बूट कसले देतात, जाकीट धुवायचे पैसे कापतात का, रजा कधी मिळते, मेसमध्ये भात कसा असतो. एका खात्यातली दोन माणसं भेटावीत तसे.

माझा धीर सुटला. "प्रकाश, चार आण्याची भागी. आजपासून."

त्याने एक पाय बादलीबाहेर काढला.

"आठ आणे. आणि दहिसरला खोली."

त्याने पाय परत आत सोडला.

"बरं, सगळं दुकान घे. पाटीवर तुझं नाव घालतो. मी गल्ल्यावरपण बसत नाही. बोल!" समोरच्याने तोंड न उघडता मी आयुष्यात एवढा वर कधी गेलो नव्हतो. खरं तर मला दुसरंच काही म्हणायचं होतं. त्या कानाखालचा विषय त्याने काढला असता तर मी म्हटलंही असतं. पण बापाने काढला नाही, पोरानेही काढला नाही.

"मामा," प्रकाश एवढंच म्हणाला आणि हसल्यासारखं केलं.

"दत्ता, तेचे पाय भाजतत," भाऊजी म्हणाले. "गार पाणी घाल थोडा."

मी पाणी घातलं. प्रकाश तसाच बसल्या बसल्या झोपला. भाऊजींनी त्याला आडवं केलं, पाय स्वतःच्या पंच्याने पुसले आणि उजाडेपर्यंत त्याच्या पायथ्याशी बसून राहिले. सात वाजता तो उठला. "निघतो बाबा. संध्याकाळी ड्युटी आहे." मी भाऊजींकडे पाहिलं. आता म्हणतील, 'चल घरी'. आता म्हणतील.

"बरा," भाऊजी म्हणाले. "जपान रव."

प्रकाश फाटकातून आत गेला. भाऊजी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन सुरू केलं.

मी घंटीच्या दोरीला हात लावला नाही. मुद्दाम! दोन घंटा झाल्याशिवाय हा माणूस हलणार नाही हे मला माहीत होतं. आज बसू दे. उतरू दे, जाऊ दे फाटकापर्यंत, एकदा हाक मारू दे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इंजिन धडधडत होतं. भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही, मला ओरडले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि नजर वरच्या घंटीवर लावली होती.

मी दोरी दोनदा ओढली.

सरहद्दीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी फुटलो. "ताईने मला बोलायला पाठवलं होतं! तुम्ही एकदा 'चल' म्हणाला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?"

भाऊजींनी बशीत चहा ओतला. "म्हटला आसता तर तेका नाय म्हणूचा लागला आसता."

पुढचे चार दिवस आम्ही उभ्या गाडीतही बोललो नाही.

बोरीवलीला दार उघडताच ताईने आमच्या मागे जिन्यात पाहिलं. मग भाऊजींकडे. "नाही म्हणाला?"

"नाय म्हणूक नाय," भाऊजी म्हणाले. नाही म्हणाला नाही.

ताई माझ्याकडे वळली. "दत्तू, खरं?"

मी गाडीचं वय पाच-पाच वर्षांनी कमी करून सांगणारा माणूस. सांगायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. त्याने दुकान घेतलं नाही हे होतं. ह्यांनी मला बोलू दिलं नाही हे होतं. हे बोललेच नाहीत हेही होतं, आणि त्याचा राग मला आजही आहे.

"खरं आहे ताई," मी म्हटलं.

तिने डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "रजा कधी असते त्याला?"

"दिवाळीनंतर," भाऊजी म्हणाले. "सणात गर्दी आसता तेंका."

"मग यंदा फराळ दिवाळीनंतरच करू," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्या वर्षी आम्ही फराळ देवदिवाळी उलटून गेल्यावर खाल्ला. ताई, भाऊजी आणि मी, तिघांनी.