अण्णा वीज जिरवतात

वीज कंपनीच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट घरात फक्त अण्णांनाच ठाऊक होती.

"आजपासून आपण सूर्याचे जावई!" छपरावर सोलर पॅनल आणि जिन्याखाली बॅटरी बसली, त्या दिवशी त्यांनी बायकोला ऐटीत सांगितलं होतं. "नियमांचं तू माझ्यावर सोड." माणूस जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासत आलेला. बेचाळीस पानांची नियमावली त्यांनी पेन्सिल घेऊन तीनदा वाचून काढली.

चौथ्या दिवशी पत्र आलं. तुमचा जुना मीटर एकतर्फी आहे. बाहेर जाणारी वीजही तो वापरलेली म्हणूनच मोजतो. दुतर्फा मीटर हवा तर सोबतचा तक्ता भरून पाठवा. तोवर तुमची वीज रस्त्याच्या तारेत येता कामा नये. आली, तर छपराची जोडणी तोडू!

तक्त्यात प्रश्न एकच होता: घरात एका वेळी जास्तीत जास्त किती वीज लागते?

अण्णांनी पेन उघडलं आणि घोडं तिथंच अडलं. जास्तीत जास्त म्हणजे? पाहुणे धरून की सोडून? खोटा आकडा लिहिणं त्यांना जमेना, आणि खरा कुणाला माहीत? लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तक्त्याची चाळणी झाली. उत्तर काही गेलं नाही.

पण ऊन थोडंच थांबतं! अकराच्या सुमारास बॅटरी गच्च भरायची आणि उरलेली वीज बाहेर पळायला बघायची.

"अगं, इस्त्री लाव! पंखे लाव! मिक्सर फिरव!"

"अहो, रिकामा?"

"पाणी घाल हवं तर!"

दोन दिवसांत घरातले कपडे संपले. मग टॉवेल झाले, पायपुसणी झाली, मोजे झाले. अण्णांच्या मोज्यांना अशी धार आली की घालताना बोट कापेल! शेवटी बायकोने शेजारच्या शिवणवालीला हाक मारली. ती गाठोडं, स्वतःची इस्त्री आणि नणंद घेऊन आली. नणंदेने जाऊ आणली. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

इस्त्र्या वाढल्या, तसा 'जास्तीत जास्त'चा आकडाही रोज वाढू लागला. अण्णा तो टिपून ठेवत आणि मनाशी म्हणत, "उद्या नक्की होईल. मग पाठवू."

एकविसाव्या दिवशी भर दुपारी दारात मीटरवाला उभा!

"लॉन्ड्री कधी टाकली?"

"छे, छे! हे... हे घर आहे."

"चार इस्त्र्या चालल्यात, आजोबा! धंद्याला मीटर वेगळा असतो. आणि पत्राचं उत्तर कुठंय? आज टपालात पडलं नाही, तर उद्या जोडणी तोडायचा हुकूम आहे मला."

बायकोची इस्त्री हवेतच थांबली. "कसलं पत्र?"

अण्णांनी नियमावलीत दडवलेली तक्त्याची ती चाळणी काढून पुढे केली. मीटरवाल्याने ती उजेडात धरली, कपाळावर हात मारला आणि पिशवीतून कोरा तक्ता काढला.

"अहो, विजेचं बिल येतं ना घरी? त्यावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो. तोच उतरवायचा!"

"आणि वीज बाहेर जाऊ नये म्हणून..."

"पॅनलचा खटका खाली करायचा. झालं!"

"कुठला खटका?"

छपरावरून उतरलेली तार जिन्याजवळच्या पुस्तकांच्या कपाटामागे गेली होती; मीटरवाल्याने तिकडे बोट केलं. चौघींनी मिळून ते सरकवलं. मागे भिंतीवर हा एवढा लाल खटका! नियमावली अण्णांना तोंडपाठ होती. भिंत तेवढी वाचायची राहिली होती.

बायकोने इस्त्रीचा एक मोजा उचलला, त्याची धार बघितली आणि मग अण्णांकडे बघितलं. त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं!

चार वाजता अण्णा कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे होते. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर. आकडा बरोबर उतरवला ना? एकदा उघडून पाहावं का?

"अण्णा, थांबा!" काखेत भलंमोठं गाठोडं घेऊन शिवणवाली धापा टाकत आली. "शंका आहे ना? मग टाकू नका! नीट विचार करा, चांगला आठवडाभर करा. पडद्यांचं मोठं काम आलंय माझ्याकडे!"

अण्णांनी गाठोड्याकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, पुन्हा एकदा न वाचता, त्यांनी पाकीट पेटीत ढकललं.