धाकट्यासाठी बेड

बाल्कनीतल्या मनीप्लांटमध्ये बुलबुलाचं घरटं होतं आणि त्यात उघडउघड अन्याय चालला होता.

"वेदांत, थोरलं पिल्लू सगळ्या अळ्या एकटंच गिळतंय! धाकट्याच्या तोंडाला पानं पुसतंय. मरेल रे ते!" सुखदा म्हणाली.

"थोरलीच ती," कोचावर लोळणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "दुसरं काय करणार?"

सुखदाने टोमणा ऐकलाच नाही. पुण्याहून कोरमंगलात येऊन ती ऑफिसात अख्खी टीम सांभाळत होती, तिथे दोन पिल्लांचं काय! भुवयांच्या चिमट्यात उकडलेल्या अंड्याचा कण धरून ती स्टुलावर चढली.

शेजारच्या बाल्कनीतून मथुराअक्का ओरडल्या, "अगो, बेड! बेड!" अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड कुठे घुसेल, सांगता येत नसे.

"ऐकलंस?" सुखदा हरखली. "धाकट्याला खाली बेड हवा. म्हणूनच त्याची मान वर पोचत नाही!"

तिने मेकअपचा कापूस आणून पिल्लाखाली सारला.

"बेड गं, बेड!" अक्कांचा आवाज चढला.

"हो अक्का, आणखी घालते!"

बुलबुलीण अळी घेऊन आली. घरट्यात कापसाचा ढग शिरलेला पाहून ती तारेवरच बसली आणि कलकलाट करू लागली. काही केल्या खाली येईना.

"झाली समानता," वेदांत म्हणाला. "आता दोघंही उपाशी."

सुखदाला रडूच फुटलं. तेवढ्यात अक्का होळिग्यांची, म्हणजे पुरणपोळ्यांची, ताटली घेऊन धापा टाकत दारात आल्या.

"बेड म्हणजे नको गं बाई! काढ तो कापूस आणि आत ये."

सुखदाने कापूस काढला. तिघं पडद्याआड उभी राहिली. थोड्या वेळाने बुलबुलीण घरट्यात उतरली. थोरल्याने चोच वासली, खाल्लं, पुन्हा खाल्लं. मग मात्र अळी त्याच्या घशाखाली उतरेना. आईने ती त्याच्या चोचीतून काढली आणि धाकट्याला भरवली.

"बघ. थोरल्याचं पोट भरलं की धाकट्याची पाळी. आईला कळतं ते," अक्का म्हणाल्या. "तुलाच स्वल्प घाई."

सुखदाचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात, घरट्यावरची नजर न काढता, ती एकामागून एक होळिगे संपवत होती. शेवटच्या होळिग्याकडे तिचा हात निघाला.

वेदांतने एकदा घरट्याकडे पाहिलं. मग अक्कांकडे वळून मान वर केली आणि आऽऽ वासला. अक्कांनी अख्खा होळिगा त्याच्या तोंडात कोंबला.

"आणि मला, अक्का?"

"बेड," अक्का म्हणाल्या.

या वेळी सुखदाला कन्नड बरोबर कळलं.