टिटवीची अंडी आणि कानातला पुरावा

एका जंगलात, मुलांनो, एक मंडळ होतं. जंगलात मंडळ कसं, असं विचारू नका. चार टाळकी आणि चहा जमला की मंडळ होतंच.

या मंडळाचं नाव गगन-गूढ संशोधन मंडळ. कारण त्या जंगलावरून रोज तिन्हीसांजेला एक गोल, चमकणारी तबकडी उडत जायची. ती कोणाची, कुठली, हे शोधायचं मंडळाने मनावर घेतलं होतं. अध्यक्ष होते ससेबुवा, कारण त्यांचे कान सर्वांत लांब. कान कशाला लागतात ते आता सांगतो.

मंडळाचं पहिलं कलम होतं, सरकार खोटं बोलतं. दुसरं कलम होतं, सरकारातलं कोणी झुडपाआड नेऊन कानात सांगेल ते खरं. दोन्ही कलमं एकाच सभेत, एकमताने मंजूर झाली होती. डोळ्यांनी बघितलेला पुरावा मंडळ कच्चा मानायचं. डोळे काय, बेडकालाही असतात.

ज्याच्या कानात असं गुपित पडे, त्याने त्या कानात केवड्याच्या अत्तराचा फाया घालायचा, गुपित उडून जाऊ नये म्हणून. फाया घातलेल्या सभासदाला पुढच्या रांगेत बसायला मिळे. त्याला ऐकू कमी यायचं, पण मान फार मोठा होता.

एक दिवस टिटवीबाई धापा टाकत सभेत आली.

"अहो ससेबुवा, ती तबकडी नाही हो! वेताची टोपली आहे. खाली काजवे बांधलेत, गिधाडं उचलतात आणि आत आपले सिंहमहाराज बसतात! कोण कुठे चरतं ते वरून बघत फिरतात. आणि उतरतात कुठे? माझ्या माळावर! काल घरट्यापासून हातभरावर टेकली टोपली. माझी अंडी आहेत तिथे."

"मग आम्ही काय करावं म्हणता?" चिटणीस साळिंदराने विचारलं.

"एकदा सगळ्यांनी माळावर या. तुम्ही बघताय म्हटल्यावर महाराज लाजेकाजेने तरी दुसरीकडे उतरतील."

"हे तुम्हाला कानात कोणी सांगितलं?" ससेबुवा म्हणाले.

"सांगेल कोण? मी बघितलं!"

पुढच्या रांगेत हशा पिकला. बिचारी मागे जाऊन बसली.

बातमी गुहेत पोहोचली. सिंहमहाराजांना घाम फुटला. त्यांनी हेरखात्याच्या कोल्होबाला बोलावलं.

"टिटवी बोंबलली रे! साफ नाकारू का?"

"छे महाराज! तुम्ही नाकारलंत की लोकांना खरं वाटतं. मी जरा दोघांच्या कानांशी लागून येतो."

कोल्होबाने ससेबुवांना करवंदीच्या जाळीमागे नेलं.

"मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका. तबकडी चंद्रावरची आहे. आत हिरवे प्राणी असतात. त्यांना शेपूट पुढे असतं."

"पुढे?" ससेबुवांच्या मिशा थरथरल्या. "पुरावा?"

"अहो, मी सरकारात आहे ना!"

ससेबुवांनी तिथल्या तिथे फाया घातला. मग कोल्होबाने साळिंदराला गाठलं आणि ते प्राणी फक्त दोडकी खातात, असं सांगितलं. झालं! मंडळात शेपूटवाले आणि दोडकेवाले असे दोन तट पडले. परिसंवाद झाले, एकमेकांच्या शेपट्या ओढून झाल्या. टिटवीची मात्र झोप उडाली होती. टोपली रोज घरट्याच्या आणखी जवळ उतरत होती, आणि ती रोज सभेत येऊन तेच सांगत होती.

अशात कोल्होबा निवृत्त झाला. निवृत्त झालं की सरकारी नोकरांना खरं बोलायची उबळ येते. तो थेट मंडळाच्या वार्षिक संमेलनात व्यासपीठावर चढला.

"मंडळी, मला क्षमा करा. मी तुम्हाला फसवलं. शेपूट खोटं, दोडकी खोटी. ती महाराजांची टोपलीच आहे. टिटवीबाई म्हणते ते अक्षरन् अक्षर खरं आहे."

टिटवीला रडूच फुटलं. वाचली माझी अंडी, असं तिला वाटलं.

ससेबुवांनी एका कानातला फाया काढला.

"कोल्होबा, हे तुम्ही झुडपाआड सांगताय की उघड?"

"उघड. सगळ्यांसमोर."

"म्हणजे हा सरकारी खुलासाच झाला की!"

"तसं म्हणा हवं तर."

"मग खोटं!" ससेबुवा म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, मी खरंच खोटं बोललो होतो!" कोल्होबा कळवळून ओरडला.

"पाहा, पाहा, केवढा दबाव आहे यांच्यावर," साळिंदर गहिवरला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "पण मंडळी, टिटवीबाईंचं म्हणणं या सरकारी खुलाशाशी तंतोतंत जुळतं. आणि त्या हे पहिल्या दिवसापासून सांगतायत!"

सगळ्या माना टिटवीकडे वळल्या. सरकारची हस्तक! आपल्यात येऊन बसली होती! तिला त्याच सभेत काढून टाकण्याचा ठराव झाला. शेपूटवाले आणि दोडकेवाले प्रथमच एका बाजूने मत देते झाले.

"मला काढा हो खुशाल! पण माळ इथून दिसतो. नुसतं वळून तरी बघा!"

तेवढ्यात चहा आला. कोल्होबाला शाल-श्रीफळ मिळालं, मंडळाचं तहहयात मार्गदर्शकपद मिळालं. तो रडत होता. सगळ्यांना वाटलं, सत्काराने भारावला.

त्या संध्याकाळी टोपली उतरली ती थेट घरट्यावर. त्या वर्षी माळावर टिटवीची पिल्लं झाली नाहीत.

मुलांनो, टिटवी पाय वर करून झोपते, असं लोक सांगतात. आभाळ पडेल म्हणून वेडी पायांनी तोलून धरते, असं म्हणून हसतात. आभाळाला ती कधीच भ्यायली नाही हो. तिने टोपली बघितली आहे.

तात्पर्य : खरं दिसलं तरी ओरडू नये. आधी सरकारात नोकरी धरावी, मग एखादं झुडूप गाठून कानात सांगावं. तेवढं जमत नसेल, तर अंडी झाडावर घालावीत.