दारात अडकलेलं खरेदीखत

"जगात खरी तीक्ष्ण नजर दोघांचीच. एक गरुडाची, दुसरी माझी. त्यातही गरुडाला उंच उडावं लागतं. मला खुर्चीतून उठावंही लागत नाही."

दाजींनी हे खुर्चीतून न उठताच सांगितलं. दाजी गुप्तहेर होते. गुप्त असल्यामुळे दारावरची पाटी फक्त दोन हात लांब होती. शेजारी त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मदतनीस म्हणून उभा होता. समोर सायकलवाली काकू आणि तिच्या वकीलबाई बसल्या होत्या.

काकूचं दुखणं साधं होतं. ती सुतारकाकांचं घर विकत घेणार होती. पुढच्या खोलीत सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे राहायला जागा. साठेखत झालं होतं, इसार म्हणून आगाऊ पैसे दिले होते. त्या भरवशावर तिने भाड्याचं दुकान सोडायचं कबूल केलं होतं. रविवारी तिथे नवा भाडेकरू येणार. आणि काल सुतारकाका म्हणाले, "घर विकायचं नाही. का, ते विचारू नका."

"आता गावभरच्या सायकली घेऊन मी कुठे उभी राहू?" काकू म्हणाली.

वकीलबाई शांतपणे सांगू लागल्या. "साठेखत म्हणजे 'घर विकीन' असं लेखी वचन. खरेदीखत झालं की घर तुमचं. वचन मोडलं तर आधी नोटीस द्यायची. तरी ऐकलं नाही तर 'करार पुरा करा' असा दावा लावायचा. मात्र आपली पुढच्या पैशाची तयारी आहे, हे आपल्याला दाखवावं लागतं. तोवर घर तिसऱ्यालाच विकलं जाऊ नये म्हणून कोर्टाकडून मनाई हुकूम मागता येतो. आणि घरच नको झालं, तर इसार परत मागायचा, वर नुकसानभरपाई."

"ह्याला किती दिवस लागतात?"

"दिवस नाही हो काकू, वर्षं."

"म्हणजे रविवारी घर मिळेल, फक्त कुठल्या वर्षीच्या रविवारी ते सांगता येत नाही."

"म्हणून तर संध्याकाळी आपण आधी त्यांच्याशी बोलून बघू."

"बोलून?" दाजींना ठसकाच लागला. "रहस्यं बोलून सुटायला लागली तर आम्ही काय मटार सोलायचे?"

"ताईने सोलायलाच ठेवलेत," मेहुणा म्हणाला.

ती बोलणी व्हायच्या आधीच, दिवस कलताना दाजी आणि मेहुणा सुतारकाकांच्या घरी पोहोचले. घरात कुणी नव्हतं. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"दाजी, असं शिरणं गुन्हा आहे."

"आपण शिरत नाही. आपण तपास आत नेतोय."

पुढच्या खोलीच्या मधोमध एक कपाट उभं होतं. कपाट कसलं, लहानसा बंगलाच! शिसवी लाकूड, दारांवर कोरलेल्या वेली, आणि अख्ख्या कपाटात एकही खिळा नाही. मेहुण्याने आ वासला. दाजींनी मात्र कपाटाला पाठ टेकून खोली न्याहाळली.

"पलंगावर कपड्यांचा ढीग! म्हणजे आरोपी पळून जाणार."

"पळणारा माणूस कपडे बरोबर नेतो ना?"

"मग जमिनीवरचे हे ओरखडे बघ. खाली भुयार आहे! आणि दाराच्या चौकटीची पट्टी कुणी उचकटली? दरोडेखोरांनी! भुयारात खजिना आहे म्हणूनच घर विकायचं नाही."

"सुतारकाका काल कमरेला हात लावून चालत होते," मेहुण्याने आठवण करून दिली.

"खरे सुतारकाका ताठ चालतात. म्हणजे हे त्यांचे जुळे भाऊ!"

इतक्यात पावलं वाजली. मेहुणा पलंगाखाली घुसला आणि दाजी रिकाम्या कपाटात. सुतारकाका दोन हमालांना घेऊन आले. मागोमाग सुतारकाकू.

"शेवटचा प्रयत्न," काका कुजबुजले. "निघालं तर आजच जाऊन सही करतो. लावा जोर!"

"काका, सकाळपेक्षा जड लागतंय हो," एक हमाल कण्हला.

"अस्सल लाकूड आहे ते. दिवसभर हवा पितं, संध्याकाळी जड होतं."

कपाट सरकलं, कुरकुरलं, दारात अर्धं शिरलं आणि रुतून बसलं. ना आत, ना बाहेर. मग ते शिंकलं.

"अहो, कपाट शिंकलं!" सुतारकाकू किंचाळल्या.

"घाबरू नका," कपाट म्हणालं. "मी गुप्तहेर आहे."

नेमक्या त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे बोलायला, वकीलबाई आणि सायकलवाली काकू दारात पोहोचल्या. दारात कपाट, त्यामुळे बोलणं कपाटाच्या वरून सुरू झालं.

"सुतारकाका," वकीलबाईंनी साधं विचारलं, "घर का नाही विकायचं?"

काकांनी पुन्हा कपाटाला खांदा लावला. शेवटी सुतारकाकूच बोलल्या. "मला शपथ घातली होती. आता दारातच दिसतंय सगळं, तर लपवू काय? लग्नानंतर माझ्यासाठी ह्यांनी हे कपाट ह्याच खोलीत बसून केलं. दार मोजायचं विसरले. आणि ह्याच्याशिवाय मी घर सोडणार नाही."

सुतारकाकांचे कान लाल झाले. "आयुष्यभर शिकाऊ पोरांना ओरडत आलो, आधी माप घे, मग करवत घे. हे कळलं तर गाव काय म्हणेल? त्यापेक्षा घर न विकलेलं बरं."

"एवढंच?" पलीकडून सायकलवाली काकू ओरडली. "अहो, ही पुढची भिंत मी पाडणारच आहे! दुकानाला रुंद शटर नको का? भिंत पडली की कपाट हत्तीवरून काढा हवं तर!"

मग सुतारकाका असे हसले की कंबर धरून खाली बसले.

"आणा पहार!"

"थांबा," वकीलबाईंनी पिशवीतून कागद काढला. "भिंत पाडल्यावर कुणाचं मन फिरलं तर? आधी लेखी. भिंत पाडायला काकांची परवानगी, आणि उद्याच खरेदीखत. दोन साक्षीदार हवेत."

मेहुणा पलंगाखालून निघाला. "एक मी."

कपाटाचं दार चार बोटं उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला आणि पेनासाठी बोटं हलवू लागला.

भिंत पडली तेव्हा रस्त्यावर अर्धी आळी जमली होती. कपाट थाटात बाहेर आलं आणि धुळीने माखलेले दाजी त्यातून उतरले. "मी सुरुवातीपासून सांगत होतो," ते म्हणाले, "सगळं घरातच आहे!"

मेहुण्याला एकच शंका छळत होती. "काका, नव्या घराचं दार मोजलंत ना?"

सुतारकाकांचा चेहरा पांढरा पडला.

"मी मोजलंय," सुतारकाकू पदर झटकत म्हणाल्या. "दार बघूनच घर निवडलं."

दाजींनी सुतारकाकूंकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "मेहुण्या," शेवटी ते हळूच म्हणाले, "ह्या बाईंना आपली पाटी दाखवू नकोस. त्या समोरच गुप्तहेरीचं दुकान काढतील."

मग ते मटार सोलायला घरी गेले.