पेडगावचा परदेशी बाज

महालिंग आप्पांच्या कानाला अख्ख्या परभणीत तोड नव्हती. हे परभणीतलं दुसरं कुणी म्हणत नसे; आप्पा स्वतःच म्हणत!

आप्पांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकानं मोडीत आणलेल्या तांब्यावर टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "पितळ हाय, पन बुडाला डाग दिलेला हाय!" आणि ते खरं निघे. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला लावलं, चालता चालता पाखरं दिसायला लागली, आणि आप्पांनी तोच कान पाखरांना लावला. तीन वर्षांत ते 'परभणीची पाखरं' या मोबाइलवरच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन झाले. अ‍ॅडमिन कसले, तहसीलदारच! कुणाची नोंद धरायची आणि कुणाची उडवायची, हे आप्पा ठरवत. कायदा एका ओळीचा: "फोटो न्हाई, तर पाखरू न्हाई!"

या कायद्यात सापडली धनश्री. पिंगळीजवळच्या रेल्वे फाटकावर तिची ड्यूटी असे. नोव्हेंबरात तिनं लिहिलं, "आज सकाळी तारेवर अमूर ससाणा बघितला. लाल पाय, राखाडी अंग. दोन मिनिटं बसला होता." सायबेरियाकडून आफ्रिकेला निघालेला हा पाहुणा आपल्या भागात क्वचितच टेकतो. ग्रुपवर एकच खळबळ!

आप्पांनी विचारलं, "फोटो?"

"आप्पा, गाडी पास व्हायली होती. हातात झेंडी होती."

"झेंडीच्या वाऱ्यानं पारव्याचा ससाणा झाला असंल!" आप्पांनी टाकलं, आणि पुढं तीन हसरे चेहरे. नोंद रद्द. धनश्रीनं "बरं आप्पा" एवढंच लिहिलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आप्पा स्कूटरवरून पेडगावच्या शिवारात गेले. ज्वारी निसवलेली, धुकं निवळत आलेलं. तेवढ्यात ज्वारीतून आवाज आला. "कीईईईर्र!" भल्यामोठ्या पातेल्याच्या बुडावर खिळा ओढावा तसा! आप्पांच्या अंगावर काटा आला. असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. तो पुन्हा आला तेव्हा त्यांनी मोबाइलवर पकडला आणि आवाजावरून पाखरू ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवला. अ‍ॅपनं क्षणभर विचार केला आणि नाव सांगितलं: तांबड्या शेपटीचा बाज. मुक्काम, अमेरिका!

आप्पा बांधावरच बसले. अमेरिकेचा बाज, आणि पेडगावला!

पुढचा अर्धा तास त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून मान मोडेस्तोवर आभाळ धुंडाळलं. दोन कोतवाल आणि एक घार, बास. आवाज मात्र आणखी चारदा आला. शेवटी त्यांनी आवाजाचा तुकडा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भारतात पहिल्यांदाच! शोध : महालिंग आप्पा."

ग्रुपवर फटाके फुटले. टाळ्या, हार, पेढे! आणि मग योगीराजचा प्रश्न आला. योगीराज कॉलेजात शिकवायचा, आणि त्याच्या कॅमेऱ्याची नळी चुलीच्या धुराड्याएवढी होती. "आप्पा, आवाज भारी. पन दिसला का?"

आप्पांचा अंगठा मोबाइलवर थांबला. न्हाई म्हणावं, तर पेढे परत जाणार. एवढा आवाज आलाय म्हणजे बाज तिथं आहेच. नुसता दिसायचाच काय तो राहिला! त्यांनी लिहिलं, "दिसला."

पण खोट्याला शेजार लागतो. "शेपटी कशी?" "तांबडी." "कुठं बसला?" "बाभळीवर." "किती वेळ?" "चांगला पाच मिनिटं!" दुपारपर्यंत त्या बाजानं एक उंदीरसुद्धा मारून खाल्ला होता.

संध्याकाळपर्यंत बातमी नांदेड-जालन्याला पोचली. मंगळवारी सकाळी सात गाड्या येणार असं ठरलं. जेवताना बायकोनं, राजेश्रीबाईंनी, भाकरी वाढता वाढता विचारलं, "आवो, तुमी खरंच बघितलं का ते पाखरू?"

"म्हंजे? आमी खोटं बोलतो?"

"तसं न्हाई. खरं बघितलं असतं तर आतापस्तोर मला चारदा सांगितलं असतं. तुमी तर दुपारपासून गप!"

आप्पांना ठसका लागला. तेवढ्यात ग्रुपवर कुण्या शंकेखोरानं लिहिलं, "फोटोशिवाय नोंद कशी धरायची? कायदा सगळ्यांना एकच पाहिजे." आप्पा उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोच धनश्रीचा मेसेज आला: "आप्पांनी बघितला म्हणजे बघितला. सगळ्यांच्या हातात दर वेळी कॅमेरा नसतो."

आप्पांनी मोबाइल पालथा ठेवला. ताटातली भाकरी तशीच राहिली. धनश्रीनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं!

मंगळवारी पेडगावच्या बांधावर जत्रा भरली. सात नव्हे, अकरा गाड्या! दुर्बिणी, कॅमेऱ्यांच्या तिपाया, झाडाच्या रंगाचे कपडे, थर्मासातला चहा. धनश्री रजा टाकून आली होती. आणि बरोबर सव्वासातला आवाज आला, "कीईईईर्र!"

सगळा बांध शहारला. नांदेडच्या एका साहेबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "तो बघा, तो बघा!" योगीराज ओरडला. "तांबडी शेपटी! मी बघितली!" मग काय, आणखी चौघांना दिसली. एकाला तर दोन बाज दिसले! आप्पांना घाम फुटला. आपण एक खोटं बोललो, त्याला दोन दिवसांत एवढी पोरं-बाळं?

आवाज आणखी तीनदा आला. धनश्री मात्र दर वेळी घड्याळाकडं बघत होती. ती हळूच आप्पांच्या जवळ आली. "आप्पा, एक सांगू का? हे बरोबर सात-सात मिनिटांनी ओरडायलंय. आमच्या गाड्याबी एवढ्या टायमात येत न्हाईत."

"तुमी समदे इथंच थांबा. गर्दीनं बुजंल ते," म्हणत आप्पा एकटेच ज्वारीत घुसले. एकदा, फक्त एकदा तो बाज डोळ्यांना दिसावा, म्हणजे आपलं बोलणं मागून का होईना खरं होईल, एवढीच त्यांची आशा होती.

पन्नास पावलांवर बाभळ होती. बाभळीला बाज नव्हता. तिथं खताच्या पोत्यात गुंडाळलेला एक भोंगा टांगला होता, खाली बॅटरी, बाजूला चार बटणांचा डबा. डब्यावर तांबड्या शेपटीच्या बाजाचं रंगीत चित्र! पाखरं पिकावरून उठवायला शेतकरी असले भोंगे लावतात, हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या दुकानासमोरच ते विकायला होते.

खरं तर तिथूनच हाक मारायला हवी होती, की या रे, हे बघा! पण आप्पांच्या डोक्यात वेगळंच आलं. भोंगा बंद करावा आणि बांधावर जाऊन सांगावं, "उडाला! गेला अमेरिकेला!" कुणाला काय कळणार?

त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं.

"ग्घर्रर्रर्र!" भोंग्यातून वाघ गरजला.

बांधावर कुणीतरी किंचाळलं, "बिबट्या! आप्पांना धरलं!" तिपाया कोसळल्या, थर्मास लवंडले. योगीराज कॅमेरा टाकून गाडीच्या टपावर चढला! आप्पांनी गडबडीनं दुसरं बटण दाबलं. आता आठ-दहा कुत्री एकदम भुंकायला लागली. तिसरं दाबलं, तर अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा एक रांगडा माणूस बोलायला लागला: "हाऽऽऽ हुर्र! निघ भाड्या! फुकटचं खायाला येतंय व्हय? लाज न्हाई वाटत?"

आप्पांनी वायरच उपटली. धूर निघाला आणि भोंगा गप्प झाला.

"चोर! भोंगा चोरायलाय!" मागून आवाज आला. शेताची मालकीण कमलबाई हातात विळा घेऊन उभी होती. तिनं विळा कमरेला खोचून आप्पांचा सदरा मागून धरला आणि त्यांना तसंच ज्वारीतून ओढत बांधावर आणलं. एका हातात आप्पा, दुसऱ्या हातात भोंगा!

"हे तुमचं हाय का?" तिनं जमलेल्यांना विचारलं. 'हे' म्हणजे आप्पा, असं तिला म्हणायचं होतं, पण सगळे भोंग्याकडंच बघत होते. टपावरून योगीराज पुटपुटला, "मला तरी शेपटी जरा पुसटच वाटली होती."

नांदेडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "आप्पा, मग तुम्हाला पाच मिनिटं दिसला तो?"

अजूनही पळवाटा होत्या. आवाज भोंग्याचा, पण बाज खरा होता, असं म्हणता आलं असतं. आप्पांनी तोंड उघडलं आणि समोर धनश्री दिसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती अजूनही त्यांच्याकडं विश्वासानं बघत होती!

"दिसला नव्हता," आप्पा म्हणाले. "नुसता ऐकला. उंदीरबी आमीच मारला."

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर निभावलं असतं. एकेकानं तिपाई घडी केली, एकेक गाडी निघाली. आप्पा धनश्रीसमोर गेले. "पोरी, मी तुला त्या दिवशी लय..."

"आप्पा," ती म्हणाली, "मला फोटो काढता आला न्हाई. पन मी बघितला होता." आणि दुपारची ड्यूटी आपणच करते असं फोनवर सांगत ती निघून गेली.

आप्पाही स्कूटरकडं वळले, तर कमलबाईनं वाट अडवली.

"तुमी कुठं? भोंगा जाळला की माझा! मालक परभणीहून दुसरा आणूस्तोर पाखरं कोन हाकंल? तुमचा आजा?"

"बाई, आमी पक्षीमित्र हावोत."

"मंग वळखीचीच हायत की. ऐकतील तुमचं!"

तिनं त्यांना मचाणावर चढवलं आणि हातात गोफण दिली. दुर्बीण गळ्यात तशीच होती. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला. आप्पांनी घसा खाकरला आणि ओरडले, "हाऽ हुर्र!" थवा उठला, एक चक्कर मारून पलीकडच्या तासावर बसला. पुन्हा "हाऽ हुर्र!" पुन्हा चक्कर.

दुपारी कमलबाईचा नवरा मुंजाजी नवा भोंगा घेऊन आला. बांधावर उभा राहून त्यानं हा प्रकार बराच वेळ बघितला. सकाळी भोंग्यातून बोललेला रांगडा आवाज त्याचाच, त्यानं स्वतः भरलेला होता.

"आप्पा, उतरा आता खाली," तो म्हणाला. "शेजारच्या शेतातली पाखरंबी इकडं यायलीत तुमाला बघायला!"