खुनी आधीच सांगणारे ग्रंथपाल

अहमदपूरच्या आमच्या वाचनालयात रहस्यकथा मागितली की ग्रंथपाल शेषेराव गुट्टे पुस्तकाआधी खुनी देतात. सगळ्या पुस्तकांचा नाही. ज्यात खुनी स्वमग्न, म्हणजे ऑटिझमवाला दाखवलाय, त्यांचाच. "खुनी तो नजरेला नजर न देणारा मुनीम हाय. पण त्यानं खून केला न्हाई, लेखक खोटं बोलायलाय." हे इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या शेवटच्या माणसाचीही करमणूक तिथंच संपावी.

एका निवृत्त तलाठ्यांनी वैतागून लेखी तक्रार केली. शेषेरावांनी ती आवक वहीत रीतसर चढवली आणि तलाठ्यांना पुढच्या पुस्तकाचाही खुनी सांगून टाकला.

त्यांचा संताप मला पटायचा. लेखकाला खुनी सापडेना की धरा एक स्वमग्न, असं ते म्हणत. हसत नाही, वस्तू ओळीत लावतो, म्हणजे मुडदे पाडणारच. नाहीतर मग असा हुशार की तिजोरी नुसत्या आकडेमोडीनं उघडतो. "मधलं माणूस कुठाय, सर? ज्याला फक्त आवाजाचा तरास होतो अन् गार चहा चालत न्हाई?"

मधलं माणूस त्यांच्या शेजारीच बसतं. त्यांची धाकटी बहीण सुमनताई, पंचेचाळिशीची. रोज चार ते सहा ती पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारते. शिक्का तिरपा पडला तर नवी चिठ्ठी डकवते. बोलणं एवढंच, "चौदा दिवस." तोंडाकडे पाहत नाही, पण वाचकाला हातावरून ओळखते.

हे सात वर्षं पाहत असूनही मी दिवाळी अंकात रहस्यकथा लिहिली आणि नजरेला नजर न देणारी, शिक्के मारणारी बाई खुनी केली. शेवटचा धक्का झकास जमला म्हणून स्वतःवरच खूश होतो. सांगायला लाज वाटते, अंक वाचनालयाला भेटही मीच दिला. शेषेराव पुस्तकं आणायला नांदेडला गेले होते, म्हणून सुमनताईच्याच हातात दिला.

दोन दिवसांनी, शेषेराव परतल्यावर, शिव्या खायच्या तयारीनं गेलो. शेषेरावांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"सुमी समदं वाचती, सर. कालपासून जेवली न्हाई. मला म्हणली, दादा, मी कुणाला मारलं?"

गोष्ट काल्पनिक असते वगैरे मी पुटपुटलो.

"मीबी तेच सांगितलं. ती म्हणती, छापलंय की."

इतकी वर्षं ते कुणासाठी ओरडत होते, ते मला तेव्हा कळलं. रांगेसाठी नव्हतंच ते.

आत गेलो, मांडणीवरून तो अंक घेतला. रांगेत पाच जण होते, तलाठीही. माझी पाळी आल्यावर अंक सुमनताईपुढे ठेवला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "यातली खुनी शिक्के मारणारी बाई आहे. तिनं कुणालाही मारलं नाही. लेखक खोटं बोललाय. तो लेखक मी."

सुमनताईनं माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग शिक्का उचलला आणि चौकटीत अगदी सरळ मारला.

"चौदा दिवस," ती म्हणाली.