हा ‘त्याच्या’ कोण?

एका रविवारी वेलांटीरावांनी घरातले कपडे आपण धुवायचे ठरवले. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं सांगायला जागा राहणार नाही.

वेलांटीराव छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण कुणाच्या तोंडी नव्हतं. समोरचा बोलता बोलता चुकला तरी ते हवेत बोटानं वेलांटी दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. लिंगाची किंवा वचनाची एकही चूक पंचवीस वर्षांत त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती (असं ते स्वतःच सांगत). मजकुराच्या अर्थाबद्दल कुणी विचारलं तर मात्र हात वर करायचे. “अर्थ संपादक बघतात. तो आपल्या टेबलावर येत नाही.”

बायको इस्पितळात नर्स होती. तिला सगळी इमारत सिस्टर म्हणायची, एक नवरा सोडून. त्या रविवारी तिची दुपारची ड्यूटी होती आणि सकाळी ती बाजारात गेली होती. वेलांटीरावांनी टॉवेल, उशीचे अभ्रे, तिचा आदल्या दिवशीचा युनिफॉर्म, सगळं मशीनमध्ये कोंबलं, बटण दाबलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसले, जणू मशीन आपणच फिरवतोय. मध्येच आतून टक टक असा आवाज यायला लागला. मशीन म्हातारं झालं, असा निदानाचा शेरा मारून त्यांनी पेपर उघडला.

बायको आली तेव्हा कपडे दोरीवर होते आणि वेलांटीराव दारात. तिनं युनिफॉर्मचा खिसा चाचपला. जरा थांबली. मग म्हणाली, “फार छान झालं हो.” त्या ‘फार छान’वर वेलांटीराव तीन दिवस जगले.

चौथ्या दिवशी भाजी वाढताना तिच्या डाव्या मनगटावर त्यांना एक पांढुरका पट्टा दिसला. उन्हानं न रापलेला. घड्याळ नव्हतं.

आता या घड्याळावरून घरात पूर्वीच बरंच बोलून झालेलं होतं. नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी दिलेलं, किल्लीचं, वाटाण्याएवढ्या आकड्यांचं. वेलांटीराव म्हणायचे, खिशात फोन असताना हल्ली मनगटाला ओझं कोण बांधतं? ती एकदाच म्हणाली होती, “नाडी बघताना फोन काढला की पेशंटला वाटतं, सिस्टरचं लक्ष दुसरीकडे आहे. घड्याळाकडे बघितलं की वाटतं, आपल्याकडे आहे.” वाक्य शुद्ध आहे, एवढं वेलांटीरावांनी मान्य केलं होतं.

“घड्याळ कुठंय?” त्यांनी विचारलं.

“असेल कुठंतरी,” ती म्हणाली आणि आणखी आमटी हवी का ते विचारलं. आमटी अजून संपलेलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गॅलरीत तिच्या ताईशी फोनवर बोलत होती. वेलांटीराव चष्मा शोधत दारापाशी गेले (चष्मा डोळ्यांवरच होता) आणि तिथंच खिळले.

“त्याच्याशिवाय करमत नाही गं,” बायको म्हणत होती. “हात कसा ओका ओका वाटतो. इतक्या वर्षांची सोबत. नाही, ह्यांना काही बोलले नाही. त्याच्या पोटात पाणी झालं होतं. आता बरं आहे म्हणे, ठोके नीट पडताहेत. शनिवारी चारला जाणार आहे. पोस्टाच्या मागच्या बोळात, जिन्याखाली. त्याच्यासाठी नवा पट्टासुद्धा घेतलाय. तपकिरी, चामड्याचा.”

वेलांटीराव पाय न वाजवता परत आले आणि पलंगावर बसले. डोक्यात वाक्यं तपासणं सुरू झालं. ‘ह्यांना’ म्हणजे आपण. बावीस वर्षं आपण ‘अहो’ आणि ‘ह्यांना’ यांच्या पलीकडे गेलो नाही. मग हा ‘त्याच्या’ कोण? एकेरी. जवळचा. इतक्या वर्षांची सोबत असलेला. पोटात पाणी झालेलं, म्हणजे पेशंट. पाणी काढलं, पोट आत गेलं, पँट ढिली झाली, म्हणून पट्टा. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळलेलं प्रकरण त्यांच्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

त्यांचा स्वतःचा पट्टा आठ वर्षांचा होता. शेवटचं भोक त्यांनी खिळ्यानं पाडलेलं होतं, आणि तेव्हा बायकोनं पाहिलंही होतं. नवा घ्या, असं ती म्हणाली नव्हती. का म्हणाली नव्हती, ते आज कळलं.

त्यानंतर त्यांना तो माणूस दिसायलाच लागला. उशीला टेकून बसलेला, सडपातळ झालेला, मनगट पुढे केलेला. तिनं रोज दोन वेळा तरी ते हातात धरलं असणार. आपलं मनगट तिनं शेवटचं कधी धरलं होतं? रस्ता ओलांडताना. तेही आपण सिग्नल न बघता निघालो म्हणून.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी धडधडतंय असं सांगून हात पुढे केला. तिनं नाडीवर बोटं ठेवली, सवयीनं आपल्या उघड्या मनगटाकडे बघितलं आणि एक उसासा सोडला. तो उसासा वेलांटीरावांच्या काळजातून आरपार गेला. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठोके मोजले. अठ्ठ्याण्णव.

“ऑफिसात काही झालं का?” ती म्हणाली.

“ऑफिसात सगळं निर्दोष आहे,” वेलांटीराव म्हणाले, आणि ‘ऑफिसात’ या शब्दावर जमेल तेवढा जोर दिला. तिनं त्यांना लिंबूपाणी दिलं.

शनिवारी तिथं जाऊन दोघांना समोरासमोर गाठायचं त्यांनी पक्कं केलं. फोन ऐन वेळी वाजला तर घोटाळा, म्हणून तो घरीच ठेवायचा. मग चार वाजले हे कळणार कसं? छापखान्यात हातात घड्याळ घालणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे बाइंडर. वेलांटीरावांनी दोन तासांसाठी ते मागितलं. बाइंडरनं काही न विचारता काढून दिलं. फक्त पडू देऊ नका म्हणाला, सासऱ्यांनी दिलंय.

शनिवारी दुपारी वेलांटीराव बोळाच्या अलीकडच्या हॉटेलात भिंतीकडे तोंड करून बसले. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. एक चहा घेतला. पट्ट्याबद्दल काय काय बोलायचं त्याची मनात जुळणी केली. दुसरा चहा घेतला. घड्याळात तीन वीस. काळसुद्धा अशा वेळी थबकतो, असं वाटून त्यांनी तिसरा चहा मागवला. तिसऱ्या चहाला वेटर म्हणाला की आता सव्वाचार झाले, चार वाजल्यावर बिस्किटं मिळत नाहीत.

वेलांटीराव धावले. खिळ्यानं पाडलेलं भोक नेमकं तेव्हाच फाटलं. एका हातानं पँट सावरत ते जिन्याखालच्या त्या खबदाडात शिरले. आत जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. एका स्टुलावर बायको बसली होती. समोर काचेच्या पेटीमागे एक वयस्क बाई, डोळ्याला भिंग लावून खाली मान घातलेली. तिसरं कुणी नव्हतं.

“कुठंय तो?” वेलांटीराव म्हणाले.

“कोण?” बायको उठून उभी राहिली. “तुम्ही इथं कसे? आणि पँट का धरलीय?”

“माझ्या पँटचं राहू दे. ज्याच्या पोटात पाणी झालं होतं, तो कुठंय?”

भिंगवाल्या बाईंनी मान वर केली नाही. चिमट्यानं काहीतरी अलगद बसवलं, झाकण दाबलं, नवा तपकिरी पट्टा ओवला आणि ते घड्याळ काचेवर ठेवलं.

“तो नाही हो, ते,” बाई म्हणाल्या. “घड्याळ ते असतं. एवढे शिकलेले दिसता.”

छापखान्याच्या पंचवीस वर्षांत वेलांटीरावांचे कान इतके लाल कधी झाले नव्हते. ते घड्याळ, म्हणून त्याच्या. तो माणूस, तरी त्याच्याच. दोन्हींना प्रत्यय लागला की रूप एकच. चौथीतलं पोर सांगेल. दोन दिवस आपण एका नपुंसकलिंगी नामावर जळत होतो.

बायकोच्या ध्यानात हळूहळू सगळं आलं. पदर तोंडाला लावून ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. वेलांटीरावांना वाटलं, रडतेय. पण ती रडत नव्हती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी करड्या आवाजात विचारलं, “पण मुळात याच्यात पाणी गेलंच कसं?”

“धुतलंय कुणीतरी,” बाई म्हणाल्या. “चाकांत साबण निघाला. कुणा शहाण्यानं मशीनमध्ये टाकलंय.”

वेलांटीरावांनी पँट आणखी वर ओढली.

“वॉर्डात हात धुताना काढते, तसं त्या दिवशी खिशात राहिलं,” बायको हलकेच म्हणाली. “तुम्ही इतक्या हौसेनं कपडे धुतले होते. मी बोलले असते तर पुन्हा मशीनला हात लावला नसतात.”

तेवढ्यात बाईंचं लक्ष वेलांटीरावांच्या मनगटाकडे गेलं. “हेही बंद आहे. ठेवून जाता का?”

सोमवारी बाइंडरला जाब विचारला तर तो म्हणाला, की ते चार वर्षांपासून बंद आहे, वेळ तो फोनमध्येच बघतो. घड्याळ न घालता गेलं तर बायको विचारते. वेळ बघायला हवंय असं तुम्ही कुठं म्हणालात?

प्रकरण तिथं मिटलं. वेलांटीरावांना तपकिरी पट्टा आला, कमरेचा. घड्याळ पुन्हा जागेवर गेलं आणि मनगटावरचा पांढुरका भाग झाकला गेला. तरी त्यांच्या मनात एक बारीक कुसळ राहिलंच. शेवटी एका संध्याकाळी, शेंगा सोलता सोलता, बायकोकडे न बघता ते म्हणाले, “घड्याळाला तू ‘त्याच्याशिवाय करमत नाही’ म्हणालीस. मला बावीस वर्षांत एकदाही ‘तो’ म्हणाली नाहीस.”

तिनं त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्या बाजूला ओढून घेतल्या.

पुढच्या रविवारी ती गॅलरीत ताईशी फोनवर बोलत होती. वेलांटीराव चष्मा शोधत दारापाशी गेले.

“त्याचं काय विचारतेस,” ती म्हणत होती. “सदा कुरकुरतो. चार पावलं मागेच पडतो. रोज किल्ली दिल्याशिवाय जागचा हलत नाही. पण इतकी वर्षं वापरला, आता कुठं टाकायचा?”

वेलांटीराव श्वास रोखून ऐकत होते. कुरकुरतो. पडतो. वापरला. टाकायचा. एकदा नव्हे, चार वेळा पुल्लिंग, आणि चारही ठिकाणी निर्दोष. डोळे भरून आले. त्या खुशीत त्यांनी मशीन लावलं, खिसे तपासून, आणि दुपारभर शीळ घालत बसले.

अर्थ त्यांच्या टेबलावर येत नव्हताच.